स्केट्सना धार नंतर, आधी फडकं!

बर्फावरच्या स्केट्सची निगा म्हटली की पहिला विचार धार लावण्याचा येतो. पण पात्याचा खरा वैरी ओलावा. पात्याची खालची बाजू सपाट नसते. मधोमध उथळ पन्हळ आणि दोन्ही बाजूंना एकेक कड असते. फिगर स्केटचं पातं जेमतेम 4 मिलिमीटर जाड, त्यामुळे कडेवर गंजाचा बारीक खड्डा पडला तरी पकड बिघडते. रिंकबाहेर चालताना घालायचं कडक प्लास्टिकचं कव्हर तसंच ठेवलं, तर आत वितळलेलं पाणी कोंडतं. म्हणून खेळ संपला की पातं कोरडं पुसा, स्क्रूंभोवतीचं पाणी टिपा आणि बॅगेत ठेवताना कापडी कव्हर चढवा.

कुणी म्हणेल, गंज धार लावताना निघतोच की! निघतो, पण प्रत्येक वेळी थोडं पोलादही झिजतं, आणि ते परत येत नाही. पातं स्टेनलेस असलं तरी सुटका नाही: ओल चामडी तळव्यात मुरली की स्क्रूंची पकड ढिली होते आणि पातं हलू लागतं. धार लावणारा कारागीर हवाच. पण त्याच्याकडच्या फेऱ्या कमी करायच्या असतील, तर दोन मिनिटं फडक्याला द्या.