पाणी मुरवावे की साठवावे?

आपल्या बालाघाट जिल्ह्यात पावसाची वाण नाही. तरीही एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात आणि हापशावर हंड्यांची रांग लागते. जून ते सप्टेंबर इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणी का नसते, हे कोडे आधी नीट उलगडले पाहिजे. ते न उलगडता घरोघरी पाणी जिरवण्याचे खड्डे खोदले, तर घातलेला पैसा व श्रम फुकट जाण्याचा संभव आहे. म्हणून या लेखात मलाजखंडसारख्या ठिकाणी एखाद्या वसाहतीने पावसाच्या पाण्याची योजना कशी आखावी, याचा विचार करू.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या पायाखालचा खडक. मलाजखंडचे तांबे ज्या खडकात सापडते तो ग्रॅनाइट होय. हा खडक अतिशय जुना व कठीण आहे आणि त्याच्या अंगात पाणी शिरत नाही. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या थरात, म्हणजे आपण ज्याला मुरूम म्हणतो त्यात, आणि त्याखाली खडकाला जेथे भेगा असतील तेथे. मुरुमाचा थर काही ठिकाणी खोल असतो, तर काही ठिकाणी दोन-चार हातांवरच कुदळ खडकावर आपटते. मुरुमाची पाणी धरण्याची शक्तीही बेताचीच. एक घनमीटर मुरूम, म्हणजे एक हजार लिटरची जागा, पाण्याने भरली तरी विहिरीला त्यातून साधारण १० ते ३० लिटरच पाणी मिळते. वसईच्या किनाऱ्यासारख्या वाळूच्या जमिनीत तेवढ्याच जागेतून १५० लिटर किंवा त्याहूनही अधिक मिळू शकते. आपली जमीन म्हणजे लहान रांजण आहे. तो लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो.

आता पावसाचा हिशेब करू. तो सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा मीटर लांब व आठ मीटर रुंद छप्पर म्हणजे ८० चौरस मीटर. आपल्याकडे पाऊस याहून अधिक पडतो, पण हिशेबाला १,२०० मिलिमीटर धरू. छपरावर ९६,००० लिटर पाणी पडले. काही उडून गेले, काही कौलांनी शोषले, काही पन्हळीबाहेर सांडले, असे धरून वीस टक्के वजा करावे. हाती ७६,८०० लिटर उरतात. अशी ५० घरे असलेल्या वसाहतीच्या छपरांवरून वर्षाला ३८ लाख लिटरांहून थोडे अधिक पाणी वाहते. आकडा ऐकून हुरूप येतो. पण हे सारे पाणी जमिनीत मावेल काय?

समजा ही वसाहत दहा एकरांवर, म्हणजे सुमारे ४०,००० चौरस मीटरवर वसली आहे. मे महिन्यात विहिरींचे पाणी सात मीटर खाली गेले आहे, आणि जमिनीखाली दोन मीटरपर्यंत ते चढू शकते. म्हणजे पाच मीटर जाडीचा थर भरायचा आहे. मुरुमाची शक्ती दोन टक्के धरली, तर रिकामी जागा ४० लाख लिटरांची. परंतु पाऊस काही फक्त छपरावर पडत नाही. उघड्या जमिनीवरही पडतो आणि त्यातला सुमारे दहावा हिस्सा आपोआप खाली उतरतो. निम्मी जागा घरे, रस्ते व फरशीने झाकली गेली असे मानले, तरी उरलेल्या अंगणांतून व परसांतून २४ लाख लिटर मुरतात. मग छपराच्या ३८ लाख लिटरांसाठी शिल्लक राहिली १६ लाखांची जागा. हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक वसाहतीत निराळे येतील. पण त्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडे भर पावसाळ्यात पाण्याला जमिनीत जागा पुरत नाही. आणि पुढे जेव्हा जागा रिकामी होऊ लागते, तेव्हा पाणी वाहून गेलेले असते.

रांजण ऑगस्टात भरला तरी तो मे महिन्यापर्यंत तसाच का राहत नाही, असे कोणी विचारील. कारण जमिनीखालचे पाणी स्थिर नसते. उताराच्या दिशेने ते हळूहळू सरकत राहते आणि नाल्याच्या काठांतून पाझरून बाहेर पडते. पाऊस थांबल्यावरही काही महिने नाला वाहताना दिसतो, ते पाणी आपल्या अंगणाखालून गेलेलेच असते. बैहरच्या पठारावरचे नाले बंजर नदीला मिळतात, बंजर मंडला येथे नर्मदेला, आणि ते पाणी अखेर अरबी समुद्राला जाते. याच जिल्ह्याच्या खालच्या भागातले पाणी मात्र वैनगंगेतून गोदावरीला व बंगालच्या उपसागराला जाते!

तेव्हा योजनेचा आरंभ कुदळीने न करता दोरीने करावा. वसाहतीतल्या सर्व विहिरींची पाण्याची पातळी दोरीला गाठी मारून मोजावी व एका वहीत लिहावी. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर या सुमारास घेते. आपणही तेच महिने धरावे. ऑगस्टात पाणी दोन-तीन हातांवर आले असेल, तर त्या जागी जिरवणीचा खड्डा काढण्यात अर्थ नाही, कारण भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून ते सांडायचेच. उलट ऑगस्टातही पाणी खोलच राहत असेल, तर तेथे मुरवण्यास जागा आहे. बोअरचा उपसा भारी असेल, किंवा जवळ खोल खाण असेल, तर असे होऊ शकते. खाण कोठलीही असो, तिच्या तळाशी जमणारे पाणी उपसावेच लागते. अशा बाजूच्या विहिरींकडे अधिक लक्ष ठेवावे.

देवासचे उदाहरण या बाबतीत पुष्कळदा दिले जाते. पवार घराण्याच्या या जुन्या मराठी संस्थानी गावाला पाण्याचे इतके हाल झाले की १९९० साली इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पुढे १९९९ साली तेथे भूजल संवर्धनाची मोहीम निघाली. छपराचे पाणी खडी-वाळू भरलेल्या नळीच्या गाळणीतून थेट बोअरमध्ये सोडण्याची रीत लोकांनी उचलली व ती ‘देवास गाळणी’ या नावाने प्रसिद्ध झाली. काम स्तुत्यच आहे. परंतु देवासची जमीन माळव्याची काळी चिकण माती, खाली काळा पाषाण, पाऊस आपल्यापेक्षा कमी, आणि बोअर शेकडो फूट खोल गेलेली. तेथे जमिनीत जागा होती, पण वरून पाणी उतरायला वाट नव्हती. गाळणीने ती वाट करून दिली. आपली स्थिती तशी नाही. शिवाय थेट बोअरमध्ये पाणी सोडताना छपरावर घाण असली तर तीही भेगांतून सरळ शेजाऱ्याच्या हापशात पोचते, कारण वाटेत ती अडवणारी माती नसते. दुसऱ्याचे औषध आपल्या दुखण्याला चालेलच असे नाही.

आपल्याला जवळचा धडा आहे तो भंडारा-गोंदियाच्या तलाव-बोड्यांचा. हा सारा मुलूख पूर्वी एकाच प्रांतात होता. कोहळी समाजाने बांधलेले तेथील तलाव शेकडो वर्षे धानाला पाणी देत आले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि ज्यांनी गाळ काढायचा ते हात सुटले. या तलावांतील पाणी धानाच्या बांध्यांना जाई, आणि शिवाय पावसाळा संपल्यावरही तळातून हळूहळू मुरत राही. खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा आधार होई. पावसाळ्याचे पाणी हिवाळ्यापर्यंत धरून ठेवणे आणि जमिनीत जागा झाली की तिला देणे, हे बोडीचे खरे काम. वसईकरांच्या वाड्यांतली बावखले हीच कामगिरी निराळ्या जमिनीत करीत. तेथे बेसुमार उपसा होऊन विहिरींना खारट पाणी लागू लागले, तेव्हा लोकांना बुजवलेल्या बावखलांची किंमत कळली.

म्हणून आपल्या वसाहतीची योजना अशी असावी. प्रत्येक घराने प्रथम पिण्या-रांधण्याचे पाणी साठवावे. पाच माणसांच्या घराला रोज ५० लिटर धरले, तर ऑक्टोबर ते मे अखेरपर्यंत सुमारे १२,००० लिटर लागतात. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर खोल टाके तेवढे पाणी धरते. एवढे बांधणे प्रत्येकाला परवडणार नाही, हे खरे. तीन-चार घरांनी मिळून एक बांधले तर खर्च आटोक्यात येतो, फक्त किल्ली कोणाकडे राहील हे आधी ठरवून घ्यावे. टाक्यांतून ओसंडणारे पाणी जेथे विहिरीची वही ‘जागा आहे’ असे सांगते तेथेच मुरवावे. त्यासाठी वापरात नसलेली जुनी विहीर सर्वांत उत्तम. नवा खड्डा दीड मीटर लांब, रुंद व खोल काढून दगडांनी भरला, तर दगडांच्या फटींत जेमतेम ११०० लिटर पाणी मावते. तासाला ५० मिलिमीटरची सर आली की आपले ८० मीटरचे छप्पर चार हजार लिटर ओतते, आणि खड्डा सतरा मिनिटांत भरतो. मग तळ किती वेगाने पाणी पितो यावरच सारे अवलंबून. ते आधी पाहावे. हातभर खड्डा काढून आदल्या दिवशी भिजवावा, दुसऱ्या दिवशी भरून तासात पाणी किती उतरले ते काडीने मोजावे. तासाला एखादाच इंच उतरत असेल, तर दीड मीटरच्या खड्ड्याचा तळ तासाला साठेक लिटरच पिणार. तेथे पैसे घालू नयेत.

बोडी मात्र वसाहतीच्या वरच्या अंगाला हवी, कारण मुरलेले पाणी खालीच सरकते. वस्तीच्या खाली बोडी बांधून वरच्या विहिरींना पाणी येण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. वीस मीटर लांब-रुंद जागेत दोन मीटर पाणी उभे राहिले, तर ८ लाख लिटर होतात. ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत दीड फुटाच्या आसपास पाणी उन्हाने जाईल, उरलेले जमिनीच्या व वापराच्या उपयोगी. दर उन्हाळ्यात गाळ काढावा व परसबागेत टाकावा. गाळ साचलेली बोडी पाणी धरते खरी, पण मुरवीत नाही.

एवढे करूनही छपराचे पुष्कळसे पाणी नाल्याला जाईल. जाऊ द्यावे. ‘एक थेंबही बाहेर जाऊ देणार नाही’ ही घोषणा ऐकायला बरी वाटते, पण खालच्या गावांच्या बांध्या त्याच नाल्यावर पिकतात.

शेजाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. कुंपण जमिनीवर असते, पाण्याला ते माहीत नसते. वरच्या आळीतल्या एका खोल बोअरने रात्रंदिवस उपसा केला, तर खालच्या आळीतली पन्नास वर्षांची विहीर आटते, आणि सहसा त्या विहिरीवर अवलंबून असलेली माणसे बोअर खणू शकणारी नसतात. पाणी सर्वांनी मुरवायचे आणि ज्याचा पंप मोठा त्याने न्यायचे, अशी योजना फार दिवस टिकत नाही. म्हणून पंप किती तास चालवावा हे वसाहतीच्या सभेत ठरवून त्याच वहीत लिहून ठेवावे. मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६ प्रमाणे जिल्हाधिकारी एखादा भाग पाणीटंचाईचा म्हणून जाहीर करू शकतात, व मग परवानगीवाचून नवे बोअर खणता येत नाही. पण प्रकरण तेथवर जाण्याआधीच शेजाऱ्यांनी आपसांत बोललेले बरे.

आता आरोग्याविषयी. पावसाचे पाणी आकाशातून स्वच्छ येते, छपरावर घाण होते. उन्हाळाभर बसलेली धूळ व पक्ष्यांची विष्ठा पहिल्या सरींत धुऊन निघते, ते पाणी टाक्यात घेऊ नये. पन्हळीखाली दोनशे लिटरचे पिंप ठेवून आधी ते भरू द्यावे. खाणीच्या भागात धूळ अधिक, म्हणून पहिले दोन-तीन पाऊस पूर्ण सोडून द्यावे हे अधिक सुरक्षित. रंग सुटणाऱ्या पत्र्याचे पाणी पिण्यास घेऊ नये. रस्त्याचे, गोठ्याचे किंवा खाणीच्या दगडमातीच्या ढिगाऱ्यांकडून येणारे पाणी कोणत्याही विहिरीत अगर खड्ड्यात सोडू नये. तांब्याच्या दगडात गंधक असते, हवापाण्याने त्याचे आम्ल बनते आणि ते दगडातील धातू विरघळवते. पिण्याच्या पाण्यात तांबे लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, दुसरा पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत चालते, असे भारतीय मानक आहे. ग्रॅनाइटमधल्या खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइडही येऊ शकते. त्याची मर्यादा १ मिलिग्रॅम, व पर्याय नसल्यास १.५. लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसू लागले तर बोअरचे पाणी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाकडून तपासून घ्यावे. रंगावरून वा चवीवरून फ्लोराइड कळत नाही.

संडासच्या शोषखड्ड्यापासून जिरवणीचा खड्डा निदान पन्नास फूट दूर असावा, आणि उतारावर त्याच्या खाली तर मुळीच नसावा. टाक्याला घट्ट झाकण व प्रत्येक नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावावी, नाहीतर पाण्याबरोबर हिवतापाचीही सोय केल्यासारखे होईल. साठवलेल्या पाण्यात १,००० लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालावी. पावडर आधी बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरचे पाणीच टाक्यात ओतावे व अर्धा तास थांबून मग वापरावे. ओल लागलेली, वास गेलेली जुनी पावडर निरुपयोगी असते. ती विकत घेताना डबा उघडून वास घेऊन पाहावा.