क्राऊन बदलू की नको?

वीकेण्डला ऑफ-रोडिंग आणि सोमवारी ऑफिस, दोन्हीला एकच जुनी फोर-बाय-फोर जीप? कामतघरहून रोज ठाण्याला जाताना मी हाच हिशेब मांडतो.

फंडा सिंपल आहे. एक्सलमधल्या क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. विलीज घराण्यातल्या जीपचा 43 भागिले 8, म्हणजे 5.38. खेचायला दांडगी, पण 28 इंची टायरवर, टॉप गिअरमध्ये ताशी 80 ला इंजिन साधारण 3,200 आरपीएमवर ओरडतं. 39 भागिले 8, म्हणजे 4.88 बसवलात तर तेच काम 2,900 मध्ये होतं. आवाज कमी, पण खेचही 9 टक्क्यांनी कमी. अंजूरफाट्यावर ट्रकांच्या रांगेत ते लगेच कळतं, सारखा क्लच दाबावा लागतो.

म्हणून टॉप स्पीड नको, रोजचे तास मोजा. माझे रांगेत जातात, मी 5.38 वरच खूश. तुमचे हायवेवर जातात? मग 4.88 बिनधास्त!

फक्त पुढचा-मागचा रेशो सारखाच ठेवा, नाहीतर फोर-व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतील. आणि स्पीडोमीटर जुळवून घ्या. नाहीतर काटा 73 दाखवेल, गाडी 80 ला असेल. चलान मात्र खऱ्या स्पीडचंच येतं, बॉस!