कबड्डीचं ज्ञान एमबीए प्रवेशाला किती कामाचं?

रत्नागिरी : मंडळाची कबड्डी स्पर्धा भरवणाऱ्या पोरांना स्पोर्ट्स मॅनेजमेंटची ओढ लागणं साहजिक आहे. माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी 2010 मध्ये मुंबईत याच विषयाची संस्था काढली. अशा ठिकाणी प्रवेशाला खेळाची जाण उपयोगी पडते. पण राज्याच्या एमबीए सीईटीत खेळांच्या माहितीचा वेगळा विभागच नाही.

तिथे 200 प्रश्न आणि 150 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. त्यात 75 प्रश्न तर्काचे, 25 आकृत्यांचे. गणित आणि इंग्रजीचे प्रत्येकी 50. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

तरी मैदानावरचा अनुभव वाया जात नाही. समजा, बाद पद्धतीच्या स्पर्धेत 27 संघ उतरले. विजेता ठरेपर्यंत सामने किती? बरेच जण फेऱ्या मांडत बसतात, पुढे चाल कुणाला ते शोधतात, आणि वेळ संपते. सरळ बघा : एका सामन्यात एक संघ घरी जातो. विजेता सोडून 26 घरी जायचे, म्हणून सामने 26. कार्यक्रमपत्रिका लावणाऱ्याला हे चटकन कळतं.

फीचं गणित मात्र घरी बसूनच करा. सीईटी देऊन कॅप फेरीतून प्रवेश मिळाला, तर निकषात बसणाऱ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळू शकते. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती नाही. आणि खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी विचारा, प्रमाणपत्रावर नाव कुठल्या विद्यापीठाचं?