अटलांटिक सिटी येथील जुनीं द्यूतगृहें : त्यांचीं कर्जें व खोल्यांचे भाव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू जर्सी संस्थानाच्या किनाऱ्यावर ॲब्सीकन नांवाचें एक रेताड बेट आहे. त्यावर वसलेल्या अटलांटिक सिटी या शहराचा इतिहास हा बहुतांशीं तेथील हॉटेलांच्या जमाखर्चाचा इतिहास होय. सन १९७८ मध्यें तेथें सरकारी परवान्यानें हॉटेलांत जुगार सुरू झाला, आणि सन २०१४ या एकाच वर्षांत बारांपैकीं चार द्यूतगृहें बंद पडून आठ हजारांहून अधिक लोकांची नोकरी गेली. हीं हॉटेलें जुनीं झालीं म्हणून बुडालीं, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. हें विधान कितपत खरें आहे, अशा हॉटेलांत खोलीचा भाव कसा ठरतो, आणि त्या भावाचा मालकाच्या कर्जाशीं संबंध काय, एवढें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत आमचा हेतु आहे.

(१) पूर्वपीठिका. अटलांटिक सिटीची स्थापना व तेथें येणारी पहिली आगगाडी हीं दोन्हीं सन १८५४ मधलीं. सुमारें ६० मैलांवरील फिलाडेल्फिया शहरांतील लोक उन्हाळ्यांत समुद्रकांठीं यावेत, हाच या वसाहतीचा मूळ उद्देश. वाळूवर बांधलेली लाकडी फळ्यांची सडक, जीस बोर्डवॉक म्हणतात, सन १८७० ची. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या सडकेच्या कडेनें मार्लबरो, ब्लेनहाइम, ट्रेमोर, हॅडन हॉल, क्लॅरिज इत्यादि प्रचंड हॉटेलें उभीं राहिलीं. यांपैकीं सन १९०६ चें ब्लेनहाइम हें लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या आरंभींच्या मोठ्या इमारतींत गणलें जातें.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार व विमान यांमुळें उतारू दूरदूरच्या ठिकाणीं जाऊं लागले, आणि या हॉटेलांचा हंगाम ओसरला. सन १९६४ च्या ऑगस्टांत डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्रीय परिषद तेथें भरली. परिषदेस आलेल्या प्रतिनिधींनीं व बातमीदारांनीं जुनाट खोल्यांच्या तक्रारी देशभर पसरविल्या. शहराची कीर्ति वाढावी म्हणून जें आमंत्रण दिलें, त्यानेंच त्याची अपकीर्ति झाली. सन १९७२ मध्यें ट्रेमोर हॉटेल सुरुंग लावून पाडण्यांत आलें.

(२) कायदा व त्याचा हेतु. जुगार कायदेशीर करावा कीं नाहीं, याविषयीं न्यू जर्सीच्या मतदारांचा कौल सन १९७४ मध्यें घेतला गेला, तो विरुद्ध पडला. पुढें सन १९७६ च्या नोव्हेंबरांत ही मुभा केवळ अटलांटिक सिटीपुरती मागण्यांत आली व ती मंजूर झाली. सन १९७७ च्या कायद्याचा घोषित उद्देश या शहराचा व त्यांतील हॉटेल धंद्याचा जीर्णोद्धार हा होता. याच कारणानें परवाना मागणारापाशीं निदान ५०० खोल्यांचें हॉटेल असलेंच पाहिजे, अशी अट घातली गेली, आणि जुगाराच्या ठोक उत्पन्नावर शेंकडा ८ कर बसविण्यांत आला. ही अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व हकीकतीचें मूळ तींत आहे. खोल्यांस मागणी होती म्हणून त्या बांधल्या गेल्या नाहींत. परवाना हवा होता म्हणून बांधल्या गेल्या.

ता. २६ मे १९७८ रोजीं रिसॉर्ट्स इंटरनॅशनल या मंडळीनें जुन्या हॅडन हॉलची डागडुजी करून पहिलें द्यूतगृह उघडलें. परंतु इतर मालकांना डागडुजीपेक्षां नवें बांधकाम सोयीचें वाटलें. मार्लबरो व ब्लेनहाइम हीं दोन्हीं हॉटेलें लवकरच पाडलीं गेलीं व त्या जागीं बॅलीज पार्क प्लेस उभें राहिलें. जुन्या हॉटेलांच्या उद्धारासाठीं केलेल्या कायद्यानेंच तीं हॉटेलें नाहींशीं होण्यास गति मिळाली.

(३) खोलीचा भाव कसा ठरतो. सामान्य हॉटेलवाल्याचें मुख्य उत्पन्न म्हणजे खोलीचें भाडें. द्यूतगृहाच्या हॉटेलांत मात्र खोली हा विकावयाचा जिन्नस नसून गिऱ्हाइकास डावापाशीं अधिक वेळ ठेवण्याचें तें एक साधन असतें. याचा हिशेब कसा होतो तें एका उदाहरणानें दाखवितों. रुलेटच्या अमेरिकन चाकावर ३८ घरें असतात, आणि एका आंकड्यावर लावलेला पण जिंकल्यास पणाच्या ३५ पट रक्कम मिळते. यामुळें लावलेल्या दर १०० डॉलरांमागें सरासरीनें ५.२६ डॉलर मालकाकडे राहतात. एखादा पाहुणा दर फेरीस १० डॉलर याप्रमाणें तासाला ४० फेऱ्या, असा चार तास खेळला, तर एकूण १,६०० डॉलर पणास लागतात व मालकाचा अपेक्षित लाभ सुमारें ८४ डॉलर होतो. पाहुणा त्या दिवशीं प्रत्यक्ष जिंकला काय अथवा हरला काय, त्याच्या नांवावर हा अपेक्षित आंकडाच टिपला जातो. त्याचा कांहीं अंश त्यास खोली, जेवण व मद्य या रूपानें परत देतात.

यावरून असें दिसेल कीं, एकाच मजल्यावरील दोन सारख्या खोल्या, एक फुकट व दुसरी भारी भाड्यानें, अशा एकाच रात्रीं दिल्या जाणें यांत कांहीं विसंगति नाहीं. उन्हाळ्यांतील शनिवारची खोली महाग व माघ-फाल्गुनांतल्या मंगळवारची अत्यंत स्वस्त, हाही त्याच हिशेबाचा भाग. रिकामी खोली कांहींच देत नाहीं. स्वस्त खोलींतला पाहुणा निदान खालच्या मजल्यावरून फिरून जातो.

ही रीत जोंवर डाव भरलेले आहेत तोंवरच चालते. खेळ घटला कीं तिचा दोष उघड होतो. जुन्या हॉटेलापाशीं नव्या हॉटेलाइतकें आकर्षण नसल्यामुळें त्यास भाव उतरविण्यावांचून उपाय राहत नाहीं. भाव उतरला म्हणजे जो येतो तो खोलीसाठीं येतो, खेळासाठीं नव्हे. त्याच्यापासून डावाचें उत्पन्न येत नाहीं, आणि खोलीच्या भाड्यांत गालिचे, उद्वाहक व नळ यांच्या दुरुस्तीचा खर्च निघत नाहीं. दुरुस्ती लांबते, खोली आणखी जुनी दिसूं लागते, व भाव पुन्हां उतरतो. या चक्रांतून सुटण्यासाठीं अमेरिकेंतील पुष्कळ हॉटेलांनीं जाहिरातींत भाडें कमी दाखवून वर 'रिसॉर्ट फी' या नांवाची सक्तीची पट्टी बसविण्याची रीत पाडली. ता. १२ मे २०२५ पासून तेथील संघ सरकारच्या व्यापार आयोगाच्या नियमानें अशी सक्तीची पट्टी मिळवूनच एकूण भाव जाहीर करणें आवश्यक झालें आहे.

(४) कर्ज. भावापेक्षां अधिक महत्त्वाची गोष्ट कर्जाची. सन १९९० च्या एप्रिलांत 'ट्रंप ताजमहाल' हें १,२५० खोल्यांचें हॉटेल उघडलें. आग्र्याच्या थडग्याचें नांव व घुमट त्यानें उसने घेतले, आणि पैसाही उसनाच घेतला. त्यासाठीं ६७ कोटी ५० लक्ष डॉलरांचे रोखे शेंकडा १४ व्याजानें विकले होते. म्हणजे वर्षास ९ कोटी ४५ लक्ष डॉलर व्याज, अथवा दिवसास सुमारें २ लक्ष ५९ हजार. हा बोजा खोल्यांवर वांटला तर वर्षाचे ३६५ दिवस एकही खोली रिकामी न राहतां प्रत्येक खोलीमागें दररोज सुमारें २०७ डॉलर केवळ या रोख्यांच्या व्याजासाठीं निघावयास हवे होते. मार्व्हिन रॉफमन नांवाच्या एका अडत्यांच्या पेढीवरील विश्लेषकानें हा खर्च निभणार नाहीं असें आधींच सांगितलें, तेव्हां त्याचीच नोकरी गेली. पुढें सन १९९१ मध्यें या हॉटेलानें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, व व्याजाचा दर उतरवून देण्याच्या बदल्यांत रोखेवाल्यांना निम्मी मालकी द्यावी लागली. हॉटेल त्या वेळीं सव्वा वर्षाचें होतें. तें जुनें झालें म्हणून बुडालें, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

दुसरें उदाहरण सन १९८० च्या 'गोल्डन नगेट' चें. स्टीव्ह विन यानें तें सुमारें १४ कोटी डॉलर खर्चून बांधलें व सन १९८७ मध्यें ४४ कोटींस विकलें. अनेक हात व नांवें बदलून सन २००५ मध्यें तें सुमारें ५१ कोटींस विकलें गेलें. पुढें 'अटलांटिक क्लब' या नांवानें तें स्वस्त भावाचें हॉटेल म्हणून चाललें, आणि सन २०१३ च्या अखेरीस दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं तें मिळून २ कोटी ३४ लक्षांस घेतलें. यांतील १ कोटी ५० लक्ष इमारतीचे, व ८४ लक्ष खेळाचीं यंत्रें, मेजें आणि गिऱ्हाइकांची यादी यांचे. ती यादी हस्तगत करून सन २०१४ च्या जानेवारींत द्यूतगृह बंद करण्यांत आलें. इमारतीपेक्षां गिऱ्हाइकांच्या नांवांची वही अधिक कामाची ठरली, हें येथें स्पष्ट दिसतें.

(५) स्पर्धा व सन २०१४. अटलांटिक सिटीचें जुगाराचें उत्पन्न सन २००६ मध्यें सुमारें ५२० कोटी डॉलर, म्हणजे कळसास पोंचलें होतें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत शेजारच्या पेनसिल्व्हेनिया संस्थानांत पहिलें द्यूतगृह उघडलें. सन २०१० मध्यें तेथें मेजावरचे खेळही सुरू झाले. ज्या फिलाडेल्फियाच्या जिवावर शहर वसलें, तिच्याच लोकांना आतां समुद्रापर्यंत येण्याचें कारण राहिलें नाहीं. सन २०१३ पर्यंत उत्पन्न सुमारें २८६ कोटींवर उतरलें. सन २०१४ मध्यें अटलांटिक क्लबमागोमाग शोबोट, रेव्हेल व ट्रंप प्लाझा हीं बंद झालीं.

या चौघांत रेव्हेलची गोष्ट आमच्या प्रश्नास निर्णायक आहे. सुमारें २४० कोटी डॉलर खर्चून तें सन २०१२ मध्यें उघडलें, व अडीच वर्षांच्या आंत बंद पडलें. पुढल्या वर्षीं तें ८ कोटी २० लक्षांस, म्हणजे शंभर डॉलरांच्या मालाचे साडेतीनहि न येतां, विकलें गेलें. उलट रिसॉर्ट्सचें द्यूतगृह, ज्याची इमारत शतकाच्या तिसऱ्या दशकांतली, तें सन २००९ च्या अखेरीस कर्जदात्यांच्या हातीं जाऊनही नव्या मालकांखालीं आजतागायत चालूं आहे. सर्वांत नवें बुडालें व सर्वांत जुनें तरलें. रेव्हेलची इमारतही अल्प किंमतींत हात बदलल्यावर सन २०१८ मध्यें 'ओशन' या नांवानें पुन्हां उघडली. भिंती त्याच, समुद्र तोच. फरक पडला तो मुख्यतः डोक्यावरील कर्जाचा.

(६) भार कोणावर पडला. मालक बदलतांना कर्जाचा जो भाग बुडतो, तो कोणीतरी सोसतोच. कांहीं भाग रोखेवाले सोसतात. परंतु सन २०१४ च्या दिवाळखोरींत ताजमहालच्या नोकरांचा आरोग्यविमा व निवृत्तिवेतन यांतील मालकाचा वांटा न्यायालयाच्या संमतीनें बंद झाला. ता. १ जुलै २०१६ रोजीं नोकरांनीं संप केला, ता. १० ऑक्टोबर रोजीं हॉटेल बंद झालें आणि सुमारें तीन हजार लोक बेकार झाले. शहराची नगरसभाही यांतून सुटली नाहीं. उत्पन्न घटल्यामुळें द्यूतगृहांनीं आपल्या इमारतींचें मूल्य कमी धरावें अशा मागण्या केल्या. एकट्या बोर्गाटा हॉटेलास परत द्यावयाच्या कराचा वाद सन २०१७ मध्यें ७ कोटी २० लक्षांवर मिटला. तत्पूर्वींच, सन २०१६ च्या नोव्हेंबरांत, शहराचा कारभार संस्थान सरकारनें आपल्या देखरेखीखालीं घेतला होता. ज्या शहराच्या उद्धारासाठीं परवाने दिले, तें शहरच अखेरीस तारणांत सांपडलें.

(७) निष्कर्ष. वरील हकीकतीवरून आमचें मत असें झालें आहे कीं, अशा हॉटेलांचा नाश वार्धक्यानें होत नाहीं. भरभराटीच्या दिवसांचें उत्पन्न कायमचें मानून काढलेल्या कर्जानें होतो. वार्धक्य त्या कर्जाची फेड अशक्य करतें, इतकेंच. खोलीचा स्वस्त भाव हें हॉटेलाच्या दुरवस्थेचें कारण नव्हे, तर लक्षण आहे. म्हणून अशा इमारतीची प्रकृति पाहावयाची झाल्यास दारावरील भावाच्या पाटीपेक्षां गहाणखत आधीं वाचावें.

हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं. न्यू जर्सीच्या मतदारांनीं कौल दिला त्याच सन १९७६ मध्यें महाराष्ट्राच्या विधिमंडळानें द्यूतगृहांच्या नियंत्रणाचा व कराचा कायदा संमत केला होता. तो कधींच अंमलांत आला नाहीं, व सन २०२३ मध्यें रद्द झाला. गोव्यांत मात्र सन १९७६ च्या जुगारविषयक कायद्यास पुढें दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांस व जहाजांस मुभा देण्यांत आली. जेथें अशी मुभा असेल अथवा मागितली जाईल, तेथें पहिल्या वर्षाच्या कराचा आंकडा मोठा दिसेल यांत संशय नाहीं. परंतु अटलांटिक सिटीचा पहिल्या वर्षाचा आंकडाही मोठाच होता. विचार करावयाचा तो चाळिसाव्या वर्षाच्या आंकड्याचा.