उकळत्या पाण्यातला कारकून

सरकारी दप्तरातील मूळ दस्त कोणाच्या हाती देत नाहीत. हव्या त्या पानाची नक्कल तेवढी काढून देतात. पेशीचा कारभारही असाच चालतो. डीएनए हे तिचे दप्तर, एकेक जनुक म्हणजे एकेक दस्त, आणि आरएनए पॉलिमरेज हे प्रथिन म्हणजे नक्कल काढणारा कारकून. त्या नकलेबरहुकूम पुढे प्रथिने घडतात. सगळ्याच नकला एकदम काढावयाच्या म्हटल्या तर पेशीचे दिवाळे वाजेल; म्हणून कारकुनावर कोणाचा तरी हुकूम हवा.

तो कसा चालतो हे आम्ही प्रथम शिकलो ते आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूकडून. जनुकाच्या तोंडाशी एक अडसर बसतो, असे झाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडले. तो अडसर प्रथिनाचा असतो हे मागाहून सिद्ध झाले. हाच नियम थेट हत्तीपर्यंत पोहोचेल, असा भरवसा त्या काळी होता.

पुढे १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखविले की, जीवाणूंसारखे दिसणारे काही सूक्ष्मजीव मुळी निराळ्याच वंशाचे आहेत. त्यांनाच आता आर्किया म्हणतात. त्यांतील पायरोकॉकस फ्युरिओसस इटलीतील व्हल्कानो बेटाच्या किनाऱ्यावर सापडला. १०० अंशांच्या उकळत्या उष्णतेत तो सर्वांत जोमाने वाढतो. गंमत अशी की, त्याचा कारकून जीवाणूच्या कारकुनासारखा नाही, आपल्या पेशीतल्यासारखा आहे. त्याला जागा दाखविणारी टीबीपी आणि टीएफबी ही प्रथिनेही आपल्याच घराण्याची. मग हुकूमही आपल्याच पद्धतीचे असतील, असे कोणालाही वाटेल.

तसे नाही. हुकूम देणारी प्रथिने बहुतांशी जीवाणूंच्या वळणाची! पायरोकॉकसमधील 'पीएचआर' हे प्रथिन घ्या. एरवी ते नक्कल जेथून सुरू व्हावयाची नेमके तेथेच बसते. टीबीपी आणि टीएफबी शेजारी येऊन बसतात, पण कारकुनाला बैठक मिळत नाही. उष्णता सोसवेनाशी झाली की पीएचआर सुटते आणि बचावाच्या प्रथिनांच्या नकला निघू लागतात. उलट, मिथॅनोकाल्डोकॉकस या मिथेन बनविणाऱ्या आर्कियातील 'पीटीआर२' अडवीत नाही. ते टीबीपीला हात धरून जागेवर आणते. तेही जीवाणूंच्याच वळणाचे.

हे कुतूहलापुरते नाही. गाईगुरांच्या पोटात मिथेन करणारे सूक्ष्मजीवही आर्कियाच आहेत, आणि त्या वायूने पृथ्वी तापते. त्यांतील कित्येक प्रयोगशाळेत वाढविणे फार कठीण जाते. त्यांचे दप्तर वाचता येते, प्रथिनाचे वळणही ओळखता येते; पण ते प्रथिन कोणत्या दस्ताशी बसते, अडवते की बोलावते, हे वळणावरून कळत नाही. त्यासाठी एकेक प्रथिन घेऊन प्रयोगच करावा लागतो.