चारशे दारांचं कॉफी हाउस

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर तरुणपण गेलेल्या माणसाच्या लेखी कॉफी हाउस एकच, अल्बर्ट हॉलमधलं. उंच छत, वरची गॅलरी, रवींद्रनाथांचं भलंमोठं चित्र आणि बिनदुधाचं कडू ‘इन्फ्यूजन’. तिथल्या अड्ड्याविषयी मन्ना डे यांनी गायलेलं गाणं बंगालात आजही घरोघरी ठाऊक आहे. तिरुवनंतपुरमच्या माणसाचं कॉफी हाउस वेगळं. तंपानूर बसस्थानकाजवळ लॉरी बेकर यांनी बांधलेला तो विटांचा गोल मनोरा. आतली वाट वळसे घेत वर चढत जाते, भिंतीतल्या झरोक्यांतून उजेड आणि वारा येतो आणि वाटेच्या कडेनेच टेबलं मांडलेली असतात. नागपूरकराला सदरचं कॉफी हाउस आठवतं. प्रत्येकाला वाटतं, हे आपल्याच गावचं, असं दुसरं कुठे नाही. मग कधीतरी परगावी तीच पाटी दिसते, खळ घातलेल्या पंख्यासारख्या तुऱ्याचा तोच फेटा दिसतो, आणि मन खट्टू होतं. म्हणजे ही साखळीच होती तर!

ही खंत समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. एखादी जागा किती आपली, हे तिच्या शाखा मोजून कळत नाही. त्यासाठी गल्ला कुणाच्या हाती आहे ते पाहावं लागतं. कॉफी हाउस तर जन्मापासूनच साखळी होतं. देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीने पहिलं कॉफी हाउस काढलं ते आपल्या मुंबईत, चर्चगेटला, १९३६ साली. पुढे कॉफी बोर्डाने शहरोशहरी शाखा उघडल्या आणि १९५०च्या दशकात त्या बंद करायला घेतल्या. वेटर, स्वयंपाकी, भांडी घासणारे, सगळ्यांच्याच पोटावर पाय आला. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना वेगळी वाट दाखवली: कॉफी हाउसं तुम्हीच चालवा. ऑगस्ट १९५७मध्ये बंगळुरूला कामगारांची पहिली सहकारी संस्था उभी राहिली, ऑक्टोबरात दिल्लीत तिच्या धर्तीवरचं कॉफी हाउस सुरू झालं, मार्च १९५८मध्ये त्रिशूरला. आज अशा संस्था डझनभराहून अधिक आहेत आणि कॉफी हाउसं सुमारे ४००. एकट्या केरळात दोन संस्था आहेत, एक त्रिशूरची, एक कण्णूरची. नाव आणि गणवेश सामाईक, कारभार मात्र ज्याचा त्याचा.

कुणी म्हणेल, मालक कुणी का असेना, गिऱ्हाइकाला काय फरक पडतो? फरक टेबलावरच दिसतो. केरळातल्या मसाला डोशाची भाजी बीटमुळे लालबुंद असते. कोलकात्याच्या टेबलावर तिचा मागमूस नसतो. चव एकाच ठिकाणी ठरवून सगळीकडे धाडणारं मुख्यालयच इथे नाही. एका कपावर तासन्‌तास बसलेल्या विद्यार्थ्याला कुणी उठवत नाही, कारण टेबल तासाला किती वेळा रिकामं झालं याचा हिशेब दूरच्या भागधारकाला द्यायचा नसतो. १९५८मध्ये कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस बंद पडलं, तेव्हा ते पुन्हा उघडावं म्हणून प्राध्यापक मंडळी पुढे सरसावली. आणीबाणीत, १९७६ साली, दिल्लीत कॅनॉट प्लेसमधलं कॉफी हाउस पाडलं गेलं, तर ते जवळच्या मोहन सिंग प्लेसमध्ये पुन्हा उभं राहिलं. निव्वळ पाटीसाठी माणसं एवढं करत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. भिंतींचा रंग उडालेला, वेटर सावकाश, काही संस्थांना खर्चाची तोंडमिळवणी करताना नाकी नऊ येतात. मोक्याच्या जागेचं भाडं आणि स्वस्त कॉफी यांचा मेळ बसत नाही. जिव्हाळ्यावर भाडं भागत नाही, हे मान्यच करायला हवं. पण हा दोष साखळी असण्याचा नव्हे. उलट भावंडं आहेत म्हणूनच यातून वाट निघू शकते: जिथे धंदा बरा चालतो तिथल्या संस्थेकडून अडचणीतल्या संस्थेला शिकता येतं, आणि कॉफीची खरेदी एकत्र केली तर भावही बरा मिळेल.

तेव्हा परगावी ती पाटी दिसली की हिरमुसू नका. आत जा, ही संस्था कुठली हे गल्ल्यावरच्या माणसाला विचारा आणि एक कॉफी जास्तीची मागवा. पैसे वाढणाऱ्याच्याच संस्थेत जातील.