बाईच्या छातीत दुखतं तेव्हा

पन्नाशीची बाई हृदयरोगतज्ज्ञाकडे पोहोचते, तोवर बहुतेक वेळा ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन झालेल्या असतात. तक्रारही ती मोघमच सांगते: थकवा येतो, पाठ भरून येते, दम लागतो. हार्ट अटॅकचं सर्वांत नेहमीचं लक्षण बायकांमध्येही छातीत दुखणं हेच आहे. मात्र सोबत धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं हे त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. म्हणून तपासणीची खरी सुरुवात प्रश्नांपासून होते.

"छातीत दुखतं का?" असं विचारलं की बऱ्याचदा "नाही" असंच उत्तर येतं, कारण तिच्या लेखी ते दुखणं नसतं, नुसतं दडपतं, जळजळतं. जाणते डॉक्टर वेगळं विचारतात: "मावशी, पूर्वी जिना एका दमात चढायचात. आता मध्ये थांबता का? थांबलं की बरं वाटतं का?" श्रमाने त्रास आणि थांबल्यावर आराम, ही हृदयाच्या दुखण्याची मोठी खूण.

मग बाळंतपणांची चौकशी होते. गर्भारपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल, तर पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो. गर्भारपणातला मधुमेह, चाळिशीच्या आत गेलेली पाळी, आमवात यांचीही नोंद होते. तंबाखूला "छे!" म्हणणारी बाई रोज सकाळी मिशरी लावत असू शकते, मिशरीचं नाव घेऊनच विचारावं लागतं. लहानपणी सांधे सुजून ताप येत होता का, हेही विचारतात. त्या तापाने अरुंद झालेली झडप कधी कधी थेट गर्भारपणात दम लागू लागल्यावरच लक्षात येते. टू-डी एकोत ती स्पष्ट दिसते.

आता यंत्रांकडे वळू. ईसीजी म्हणजे काही सेकंदांची नोंद. अटॅक चालू असतानाही तो नॉर्मल येऊ शकतो. म्हणून हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात आणि काही तासांनी पुन्हा बघतात. इथेही बाई-पुरुष फरक आहे: एका प्रचलित चाचणीत पुरुषांसाठी मर्यादा ३४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर, तर बायकांसाठी १६. सगळ्यांना एकच आकडा लावला तर काही जणींचा अटॅक निसटतो. ट्रेडमिल टेस्ट बायकांमध्ये विनाकारण पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त; शंका राहिली तर स्ट्रेस एको किंवा सीटी अँजिओग्राफी करतात.

खरी गफलत होते ती अँजिओग्राफीनंतर. "ब्लॉकेज नाही, टेन्शन घेऊ नका," म्हणून बाईला घरी पाठवलं जातं. पण अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. हृदयाच्या स्नायूत शिरणाऱ्या बारीक वाहिन्या तिच्या आवाक्याबाहेर असतात. त्या पुरेशा रुंदावत नसतील, किंवा मोठी वाहिनी अधूनमधून आकसत असेल, तर ब्लॉकेज नसतानाही दुखणं खरंच असतं. काही केंद्रांत वाहिनीत औषध सोडून रक्तप्रवाह मोजतात आणि हे पकडतात. तरुण किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईत वाहिनीच्या भिंतीचे पदर सुटूनही अटॅक येतो. अशी वाहिनी पुष्कळदा आपोआप भरून येते, म्हणून प्रकृती स्थिर असेल तर स्टेंटची घाई करत नाहीत.

पुरुषासारखाच आजार आहे हे सिद्ध झाल्यावरच बाईला तसे उपचार मिळतात, असं अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली यांनी १९९१ मध्ये लिहिलं होतं. ते बदलण्यात रुग्णाचाही हात लागतो. फाईलमध्ये बाळंतपणाचे कागद, जुने ईसीजी आणि चालू औषधांची यादी ठेवा. त्रास कधी, काय करताना आणि किती वेळ झाला, हे लिहून न्या. दडपण, घाम, धाप अचानक सुरू झाली तर घरातली कामं उरकत बसू नका. १०८ला फोन करा. आणि दवाखान्यात पहिला ईसीजी नॉर्मल आला, पण त्रास तसाच असेल, तर घरी निघण्याआधी विचारा: "डॉक्टर, ट्रोपोनिन केलंत का? पुन्हा कधी करायचं?"